चूक माझी, डोळ्यांची नाय

पुंडलिकनगर, छत्रपती संभाजीनगर
९ फेब्रुवारी २०२५

सुकेशनी,

तू माझा नंबर बंद करून टाकलास, म्हणून हे टपालानं. घरी पाठवलं असतं तर आधी तुझ्या सासूबाईंच्या हातात पडलं असतं, म्हणून अंगणवाडीच्या पत्त्यावर. टाइप केलेलं आहे म्हणून परकं वाटून घेऊ नको. माझ्या हातची ओळ आता कागदावर सरळ राहत नाय, एवढंच.

तू फोनवर म्हणालीस, "भाऊ, तुला तोंड मिटून बसता आलं नाय का?"

नाय आलं. खुलताबादला त्या लोकांच्या ओसरीवर पोहे खाऊन झाले होते, पोरगी समोर बसली होती, अन् तिच्या बापानं विचारलं, "नोकरी कायमची हाय ना?" मी म्हटलं, नोकरी कायमची आहे, डोळे नाहीत. आतला पडदा कडेकडेनं सुकत चाललाय. आता नळीतून बघितल्यासारखं दिसतं, पुढं तेही जाईल. पण मी प्रोग्रामर आहे अन् प्रोग्रामरच राहणार. पोरगी पोह्यांच्या बशा गोळा करायला लागली. तिच्या मामानं चहाचा कप खाली ठेवला. तो आवाज मी ओळखला, उठायचा होता.

येताना आबा बसमध्ये वेगळ्या बाकावर बसले. माय पदराआड रडली. पण तुझं भांडण त्या सोयरिकीशी नाय, हे मला कळतं. त्या लोकांच्या भावकीतली एक लेक तुमच्या चितेगावात दिलेली आहे अन् तिनं तुझ्या सासूबाईंच्या, आक्काबाईंच्या, कानावर घातलं, मुंजाबाच्या घरात डोळ्यांचा रोग हाय म्हणून. तेव्हापासून त्या तुझ्यावर नजर ठेवून आहेत. सून दिवस मावळायच्या आत स्वैपाक का उरकते. रात्री मोरीकडं जाताना भिंतीला हात का लावते. "तू तुझी सोयरीक मोडलीस ती मोडलीस, माझा संसार कशाला मोडतोस?" एवढं बोलून तू फोन ठेवलास.

मी तुझं नाव कुठंच घेतलेलं नाय. घेणारही नाय. पण माझं मी लपवणार नाय, अन् हे पत्र माफी मागायला लिहिलेलं नाय. लहानपणी उन्हं कलली की आपण दोघं घरात शिरायचो. लोक म्हणायचे, मुंजाबाची लेकरं लई शहाणी. शहाणी कुठली. दिसत नव्हतं. तेव्हापासून लपवतोय आपण, अन् मला त्याचा कंटाळा आलाय.

ऑफिसात सगळं ठीक आहे. काळजी करू नको.

हनुमान


पुंडलिकनगर
१६ मार्च २०२५

सुकेशनी,

उत्तर आलं नाय. येईल असं वाटलंही नव्हतं. तरी लिहितोय, कारण मागच्या पत्रात शेवटी ऑफिसची एक ओळ होती अन् ती खोटी होती.

जानेवारीत आमच्या जिन्यापाशी काचेचं नवं दार बसवलं. सगळ्यांना दिसलं, मला नाय. कपाळाला टाके पडले. दुसऱ्या दिवशी मिहिर सरांनी केबिनमध्ये बोलावलं. कंपनी त्यांची आहे, माणूस वाईट नाय. आम्ही कारखान्यांसाठी प्रोग्राम बनवतो. कुठला सुटा भाग कुठल्या मशिनीवर कधी बनला, त्याचं लेबल छापायचं अन् नोंद ठेवायची. त्यातला निम्मा प्रोग्राम माझ्या हातचा आहे.

"हनुमान," सर म्हणाले, "तू आता कोडिंग सोड. गिऱ्हाइकांचे फोन घे. पगार तोच राहील. डोळ्यांना जरा आराम मिळेल."

मी म्हटलं, "सर, आरामानं हे डोळे बरे होत नाहीत. अन् कोडिंगला डोळे लागतात हे कुणी ठरवलं?"

"म्हणजे काय? बघितल्याशिवाय लिहिणार कसा?"

"ऐकून."

ते हसले असते तर बरं झालं असतं. त्यांनी उठून माझ्या खांद्यावर हात ठेवला. सुकेशनी, दया लई मऊ असते. काळ्या रानातल्या चिखलासारखी. पाय टाकला की निघत नाय. मी नाही म्हणून बाहेर आलो. त्यावर त्यांनी मला मोठ्या कामावरून उचलून एका जुन्या प्रोग्रामवर बसवलं. त्याला कोणी हात लावत नव्हतं. बसायला जागा अन् नावाला काम. त्यांना वाटलं असेल, कंटाळून आपणच जाईल.

ऐकून लिहिणं म्हणजे काय ते सांगतो. संगणकात एक आवाज बसवता येतो. पडद्यावर जे असेल ते तो वाचतो. माणसासारखं नाय, सगळंच वाचतो, कंस उघडा, कंस बंद, स्वल्पविराम. सुरुवातीला एका पानाला अख्खा दिवस जायचा. डोळ्याला पान एका नजरेत दिसतं, कानाला एकेक ओळ ओढून आणावी लागते, अन् पुढची येईपर्यंत मागची निसटते. त्या दिवसांत रडलो का, असं मात्र विचारू नको. मग मी प्रोग्राम पाठ करायला लागलो, लहानपणी पाढे पाठ करायचो तसा. आता तो आवाज इतका जोरात पळवतो की शेजारी बसणारा केयूर म्हणतो, "तुझ्या हेडफोनमधून लाह्या फुटल्यासारखं ऐकू येतं." त्याला एक शब्द कळत नाय. मला कळतो.

तुझ्या मोबाइलातही हा आवाज आहे, विकत घ्यायला लागत नाय. अंगणवाडीच्या ॲपमध्ये लेकरांची वजनं-उंची भरतीस ना, ते तो वाचून दाखवेल. शिकायचं तर दिसतंय तोवर शीक. मी उशीर केला.

हनुमान


पुंडलिकनगर
२० एप्रिल २०२५

सुकेशनी,

गावाकडं जाऊन आलो. ऑफिसात काय चाललंय ते आबांना कुणीतरी सांगितलं होतं. मी चप्पल काढायच्या आत सुरू झाले.

"राजीनामा दे अन् ये घरी. घर हाय, मेंढरं हायेत, दोन भाकरी हायेत. कोन काय म्हनतंय तुला?"

"आबा, म्या इथं काय करू?"

"करायचं काय? बस."

ओट्यावर मोतीराम काका बसलेले होते. आपण जन्मलो तेव्हापासून ते तिथंच बसलेले आहेत, म्हणून आपल्याला वाटतं ते तिथंच उगवले. माय त्यांना ताट नेऊन देते, कोणी आलं-गेलं तर त्यांना विचारून जातं, अन् ते कुणाला काही मागत नाहीत. आबा आत गेल्यावर त्यांनी मला हाताशी बसवून घेतलं.

"तू अजून जातूस का रं कामाला?"

"व्हय, काका."

"आडवत नाय कुनी?"

"आडवतेत."

"मग?"

"मग म्या जातोच."

काका हसले. मी त्यांना हसताना कधी ऐकलं नव्हतं. मग हळू आवाजात त्यांनी जे सांगितलं ते तुलाही माहीत नसेल. नजर गेल्यावरही त्यांना मेंढरांमागं जायचं होतं. म्हैसमाळच्या अंगाला जाणारी वाट त्यांच्या पायांना ठाऊक होती, मेंढरांच्या गळ्यातल्या घंटांवरून कळप कुठं आहे ते कळायचं. एकदा ते ओघळीत पडले. हात मोडला. हात बसल्यावर ते पुन्हा निघाले तर काठी जागेवर नव्हती.

"तुह्या बापानं लपवली," काका म्हणाले. "माझ्या भल्यासाठीच. म्या पडू नये म्हनून. लई दिस मागितली म्या. मंग मागायचं सोडून देलं."

आबा वाईट नाहीत, सुकेशनी. त्यांनी भावाला जन्मभर जपलं, एक दिवस उपाशी ठेवलं नाय. पण जपता जपता त्याला त्या ओट्यावर पुरून टाकलं, अन् आपण सगळे म्हणत राहिलो, बिचाऱ्याचे डोळे गेले.

येताना मी आबांना सांगितलं, "म्या हितं बसायला येनार नाय. यायचं तवा सुट्टीला येईन अन् परत जाईन." आबा म्हणाले, "पडशील." मी म्हटलं, "पडंन."

तुझ्यावर माझा राग नाय, पण एक विचारतो. तुझी काठी अजून कोणी लपवलेली नाय. तू स्वतःच कशाला लपवतीस?

हनुमान


पुंडलिकनगर
२९ जून २०२५

सुकेशनी,

या वेळी तुझ्या गावात येऊन गेलो, ते तुला तुझ्या नवऱ्यानं, कडुबारावांनी, सांगितलंच असेल. माझ्या तोंडूनही ऐक, कारण त्यात तुझा संबंध आहे.

आधी हे सांगतो की मी पांढरी काठी घेतली. पहिल्याच दिवशी आमच्या पुंडलिकनगरच्या रस्त्यावर एका रिक्षाला ती लागली. रिक्षावाला ओरडला, "अंधा है क्या रे?" मी म्हटलं, "हौ भाई, हूं ना." तो बिचारा गार पडला. मग म्हणाला, "बैठो, किधर जाना है?" मी बसलो नाय, चालतच गेलो.

आता मुख्य गोष्ट. त्या जुन्या प्रोग्रामात मी एक बदल केला होता. कारखान्यातलं नेट मधेच गेलं तर लेबलाचं काम आपोआप पुन्हा पाठवायचं. पण आधी पाठवलेलं पोचलं होतं का, हे तपासायला मी विसरलो. चितेगावच्या कारखान्यात वाऱ्यानं नेट ये-जा करायला लागलं अन् एकाच नंबरची लेबलं दोन-दोन भागांवर चिकटली. माल गेटवर अडला. कारखान्याचा फोन आला, मग दुसरा आला, अन् मिहिर सर सगळ्यांसमोर माझ्या टेबलाशी येऊन उभे राहिले.

"म्हणून मी सांगत होतो," ते म्हणाले. "न बघता केलेलं काम आहे हे."

सगळं ऑफिस ऐकत होतं. मी हेडफोन काढून टेबलावर ठेवले. अन् बोललो.

"सर, ती ओळ मला दिसली नाही असं झालेलं नाही. ती मी लिहिलीच नव्हती. नसलेली ओळ तुम्हाला तरी कशी दिसली असती?"

"हनुमान, ही वाद घालायची वेळ नाही."

"हीच वेळ आहे. दिवाळीत केयूरनं अख्ख्या गोदामाची नोंद पुसली होती. त्याला कुणी डोळ्यांच्या डॉक्टरकडं पाठवलं का?"

केयूर बाजूलाच होता. त्याला वाईट वाटलं असेल, पण तो म्हणाला, "खरंय सर. दोन्ही डोळे उघडे ठेवून पुसली मी."

मी म्हटलं, "चूक माझी आहे, डोळ्यांची नाही. चूक करणाऱ्यानं ती दुरुस्त करायची असते. मला चितेगावला जाऊ द्या."

सर केबिनमध्ये निघून गेले. केयूरनं गाडीची किल्ली घेतली.

कारखान्याच्या गेटवर कडुबाराव भेटले. त्यांची पाळी संपत होती. माझी काठी बघून आधी थबकले, मग धावत येऊन मला दंडाला धरून ओढायला लागले. मी म्हटलं, "पावणं, ओढू नका. मला तुमचं कोपर धरू द्या, तुम्ही फक्त चाला." एवढंच सांगायचं होतं, पुढं त्यांनी बरोबर नेलं. पाळी संपली तरी ते घरी गेले नाहीत. केयूर लेबलांचे नंबर वाचून सांगत होता, मी कोड लिहीत होतो, अन् तुझा नवरा दुबार लेबलं असलेले भाग वेगळे काढत होता. दुरुस्ती झाली. आम्ही मुद्दाम नेट बंद-चालू करून बघितलं. लेबल एकच आलं.

परत जाताना कडुबारावांनी मला बाजूला घेतलं.

"भाऊ, एक इचारू का? सुकेशनीला बी हेच हाय का?"

मी काठीची घडी घालत राहिलो.

"सांज झाली की ती भायेर पडत नाय. लग्नकार्यात रातच्या पंगतीला येत नाय. म्या इचारलं की भांडती. माय म्हनती तिला भायेरचं काही झालंय, देवऋष्याकडं नेऊ. तुम्ही सांगा, म्या कुनाला बोलनार नाय."

सुकेशनी, खोटं बोललो नाय अन् खरंही बोललो नाय. म्हटलं, "पावणं, माझे डोळे माझे, ते मी गावभर सांगतो. तिच्याबद्दल मला विचारू नका. तिला विचारा. अन् विचाराल तेव्हा असं विचारा, की खरं सांगितलं तरी तुम्ही तिथंच बसलेले दिसाल."

त्यांनी मला कोपर देऊन गाडीपर्यंत नेलं. मग "व्हय" म्हणाले.

तू मला म्हणालीस, तोंड मिटून बसता आलं नाय का. तुझ्यासाठी मिटलं बघ. पण यापुढं ते मलाच मिटायला लावू नको.

हनुमान


पुंडलिकनगर
२४ ऑगस्ट २०२५

सुकेशनी,

चितेगावचं काम निभावलं म्हणून सगळं मार्गी लागलं असं समजू नको. त्यानंतर आठवडाभरात मिहिर सरांनी पुन्हा बोलावलं. या वेळी सोबत हिशेबनीस बाई होत्या अन् टेबलावर कागद होता. सर म्हणाले, राजीनामा दे, तुझ्यासाठी चांगलं शिफारसपत्र देतो.

मी विचारलं, "शिफारस कशाची, सर? काम चांगलं करतो याचीच ना? मग काढताय कशाला?"

ते म्हणाले, "गिऱ्हाइकाला भरवसा वाटायला हवा."

"राजीनामा मी देणार नाही. तुम्हाला काढायचं असेल तर लेखी द्या. लिहा, डोळे नाहीत म्हणून काढलं. तो कागद घेऊन मी कामगार आयुक्तांकडं जाईन, अन् काय निकाल लागायचा तो लागेल. पण माझ्या हातानं मी उठून जाणार नाही."

पेनाच्या टोपणाचा आवाज आला. उघडलं, मग लावलं. लिहिलं नाय त्यांनी. आता सर माझ्याशी कामापुरतं बोलतात. चालेल मला. खांद्यावरच्या हातापेक्षा हे बरं.

एक अट मात्र त्यांनी घातली, की माझी प्रत्येक ओळ केयूरनं तपासायची. मी म्हटलं, जरूर, अन् केयूरची मी तपासणार. तशी पद्धत आता सगळ्यांनाच लागू झाली आहे. केयूरच्या कोडमध्ये मला रोज काही ना काही सापडतं, त्याला माझ्यात सापडतं. भांडतो, दुरुस्त करतो. मोठं काम परत माझ्याकडं आलं आहे.

मधला जो तुकडा दिसायचा, तोही आता धुरकट झालाय. पडद्यावर काही आहे एवढंच कळतं. ते कळूनही उपयोग नाय, नुसतं डोकं दुखतं. परवा मी मॉनिटरची वायर काढली अन् तो उचलून केयूरच्या टेबलावर ठेवला. "तू दुसरा मागत होतास ना, हा घे."

तो म्हणाला, "अरे, आणि तू?"

"मला जागा झाली डबा ठेवायला."

सगळे हसले. मीही हसलो. घरी आल्यावर मात्र बराच वेळ दारातच बसून होतो. तुलाच सांगतोय, मायला सांगू नको. दुसऱ्या दिवशी वेळेवर गेलो.

तू उत्तर देत नाहीस. देऊ नको. मी लिहीत राहीन. मला ओट्यावर बसवणं आबांना जमलं नाय, मिहिर सरांना जमलं नाय, तुझ्या गप्प बसण्यालाही जमणार नाय.

हनुमान


चितेगाव
१४ सप्टेंबर २०२५

भाऊ,

हे म्या मोबाइलला बोलून लिहिलंय अन् मोंढ्यापाशी झेरॉक्सच्या दुकानात छापून घेतलं. काही चुकलं असंल तर माझं नाय, मोबाइलचं. तुझी सगळी पत्रं मिळाली. एक बी फाडलं नाय. अंगणवाडीच्या कपाटात खाऊच्या पाकिटांमागं ठेवलीत.

माझा राग अजून गेलेला नाय. तू बाप्या माणूस हायस. तुझी सोयरीक मोडली तर तू नोकरीवर गेलास. माझा संसार मोडला असता तर म्या लेकरू घेऊन त्याच ओट्यावर काकाच्या शेजारी येऊन बसले असते. काठी लपवू नको म्हणून लिहिणं सोपं हाय. हे तुला एकदा तोंडावर सांगायचं होतं, ते आज सांगितलं.

आता ऐक. तू कारखान्यातून गेलास त्या दिवशी हे घरी आले. इचारतील म्हणून म्या वाट बघितली. इचारलं नाय. जेवले, लेकीला मांडीवर घेऊन बसले, अन् रोज असंच चाललं. उठून जायचे नाहीत. नुसते बसायचे. शेवटी माझ्याच्यानं राहवलं नाय. म्या म्हणलं, व्हय, मला बी हाय, ल्हानपणापासून हाय. हे म्हणले, "माहीत हाय मला." म्या म्हणलं, मग इतके दिवस कामून बोलला नाहीत? म्हणले, "तुझ्या भावानं सांगितलं होतं बसून राहा म्हणून." भाऊ, म्या हसले का रडले ते मलाच कळलं नाय.

सासूबाईला म्या सोता सांगितलं. त्या म्हणल्या, "लग्नात का नाय सांगितलं?"

म्या म्हणलं, "तवा सांगितलं असतं तर करून घेतली असती का?"

"नसती."

"मग म्हणून नाय सांगितलं."

त्या उठून आत गेल्या. अजून नीट बोलत नाहीत. माझ्या हातचा चहा घेत नव्हत्या, आता घेतेत. परवा मी पाण्याच्या हंड्याला धडकले, तर सगळ्यांवर खेकसल्या, हंडा जागचा कुणी हलवला म्हणून. मला एक शब्द बोलल्या नाहीत.

लेकीला घेऊन घाटीच्या सरकारी दवाखान्यात गेलो होतो. दोघींचे डोळे दाखवले. माझं तुझ्यासारखंच हाय. लेकीचं आत्ताच सांगता येत नाय म्हणले, मोठी झाल्यावर परत आणा. असंल तर असंल. तिला लपवायला म्या शिकवणार नाय, एवढं ठरवलंय.

अंगणवाडी तपासायला येणाऱ्या मुख्यसेविका बाईला बी सांगून टाकलं. त्या म्हणल्या, "मग काम कसं झेपायचं तुला?" म्या म्हणलं, "बाई, आजवर कोण करत होतं?" तो आवाज म्या शिकले. तू म्हणतोस तसा जोरात अजून पळत नाय, पण लेकरांची वजनं वाचतो. लेकरं जमा होऊन ऐकतेत. ज्याचं वजन वाढलं ते लगेच उड्या मारतं.

तुझा नंबर चालू केलाय. पण फोन करू नको, ये. ऐतवारी ये. बस फाट्यावर थांबती. उशीर झाला, सांज झाली, अंधार पडला तरी येच, उजेड बघून निघू नको. न्यायला मी येते. हे म्हणत होते मी जातो, तर म्या म्हणलं तुम्ही बसा. मलाच जायचंय. वाटंत पडलो तर पडू दोघं. उठता येतं आपल्याला.

सुकेशनी